योगाला प्रश्न विचारणारे स्वामी

लोणावळा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पावसाळी ट्रिप, भुशी डॅम, चिक्की आणि परतीच्या वाटेवरचं ट्रॅफिक. पण याच लोणावळ्यात शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने एक वेगळीच प्रयोगशाळा सुरू केली होती. तिथे तपासलं जात होतं माणसाचं आसन, माणसाचा श्वास आणि माणसाचं पोट. योग केल्यावर शरीरात नेमकं काय होतं, हे यंत्र लावून बघायचा तो उद्योग होता. उद्योग करणाऱ्याचं नाव होतं स्वामी कुवलयानंद.

आता तुम्ही म्हणाल, योगावर संशोधन यात नवल ते काय? आज तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक वेलनेस गुरू राहतो. एक सांगतो पहाटे चारला उठा, दुसरा सांगतो आठ तास झोपा. एक म्हणतो थंड पाण्याने आंघोळ करा, दुसरा म्हणतो आधी ध्यान करा, तिसऱ्याचं म्हणणं की जिमशिवाय काही खरं नाही. सगळं सेव्ह करून ठेवलेलं असतं. सोमवारी सुरू होतं आणि गुरुवारी बंद पडतं. या गोंधळात एक साधा प्रश्न मात्र राहून जातो. यातलं मला काय लागू पडतं? आणि ते लागू पडतंय हे मी कशावरून ठरवू?

हा प्रश्न आपल्या पिढीने शोधून काढलेला नाही. कुवलयानंदांनी त्यासाठी अख्खं आयुष्य घातलं.

डभोईचा मुलगा, बडोद्याची तालीम

संन्यासाआधीचं त्यांचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेतल्या डभोईचा. घर मराठी, पण श्रीमंती नव्हती. शिक्षण कष्टानेच झालं. मुलगा हुशार होता. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली. त्या काळात ही शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मुलाचं नाव गावभर व्हायचं.

पुढचं शिक्षण बडोद्याला झालं. सयाजीराव गायकवाडांचं बडोदं म्हणजे शिकू पाहणाऱ्या तरुणांसाठी मोठंच ठिकाण. अरविंद घोष तेव्हा तिथल्या कॉलेजात शिकवत होते. टिळकांच्या लेखांनी तरुण मुलं पेटून उठत होती. जगन्नाथरावांवर या दोघांचाही खोल परिणाम झाला. विशी-बाविशीतच त्यांनी ठरवून टाकलं की लग्न करायचं नाही, आयुष्य देशाच्या कामाला द्यायचं. आपण ज्या वयात पहिल्या नोकरीच्या सीव्हीत काय लिहायचं या चिंतेत असतो, त्या वयात त्यांचा हा निर्णय झाला होता.

पण देशाचं काम म्हणजे काय करायचं? त्यांना उत्तराचा पहिला धागा मिळाला तो तालमीत. बडोद्यात जुम्मादादा व्यायामशाळा होती आणि तिथे राजरत्न माणिकराव शिकवत. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथरावांनी माणिकरावांच्या हाताखाली भारतीय व्यायामपद्धतीचं शिक्षण घेतलं. शरीर हे काही आपोआप मिळालेलं आणि आपोआप टिकणारं यंत्र नाही, ते शिस्तीने घडवावं लागतं, हे तिथे पक्कं झालं. म्हणजे बघा, पुढे योगाचे संशोधक म्हणून नाव झालेला हा माणूस आधी आखाड्यातला होता. या गोष्टीचं महत्त्व पुढे कळेल.

अमळनेर आणि एक अडचणीचा प्रश्न

पदवी घेतल्यावर ते खानदेशात अमळनेरला आले. पुढे साने गुरुजी जिथे शिक्षक म्हणून रमले, तेच हे अमळनेर. जगन्नाथरावांनी इथे खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे प्राचार्यही झाले. राष्ट्रीय शिक्षण म्हणजे इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपणारी गोष्ट. १९२० च्या सुमारास ते कॉलेज बंद पडलं.

खेड्यापाड्यांत फिरताना त्यांनी जे पाहिलं, त्याने ते अस्वस्थ होत. लोक अशिक्षित होते, अंधश्रद्धेत अडकले होते आणि तब्येतीने खचलेले होते. नुसती भाषणं करून हा देश उभा राहणार नाही, आधी माणूस अंगाने आणि मनाने उभा राहायला हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं.

याच काळात, १९१९ मध्ये, त्यांची परमहंस माधवदासजींशी गाठ पडली. माधवदासजी मूळचे बंगालचे. अनेक वर्षं भटकंती करून ते नर्मदेकाठी मालसर इथे आश्रम करून राहिले होते. त्यांच्याकडे जगन्नाथराव योग शिकले. केवळ चार-सहा आसनं नव्हे, तर उड्डियान, नौली यांसारख्या पोटाच्या क्रिया, शुद्धिक्रिया आणि प्राणायामही.

आणि इथे खरी अडचण सुरू झाली. शिष्य म्हणून त्यांना अनुभव येत होता की या क्रियांनी फरक पडतो. पण आत बसलेला शिकलेला माणूस गप्प बसत नव्हता. फरक पडतो म्हणजे नेमकं काय होतं? कुठल्या अवयवात होतं? सगळ्यांना होतं की मलाच?

गुरूवर श्रद्धा असताना असा प्रश्न विचारणं सोपं नसतं. उत्तर उलटं आलं तर काय? ज्याच्यावर आयुष्य ओवाळून टाकायचं ठरवलंय, तेच पोकळ निघालं तर? आपल्याकडे अशा वेळी माणसं दोनच गोष्टी करतात. एक तर प्रश्न गिळून टाकतात, नाही तर श्रद्धाच सोडून देतात. जगन्नाथरावांनी तिसरी गोष्ट केली. ते थेट हॉस्पिटलात गेले.

एक्स-रेसमोर नौली

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी हॉस्पिटलात त्यांनी काही विद्यार्थ्यांना घेऊन प्रयोग केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं हे एक्स-रेच्या साहाय्याने पाहिलं. योगाच्या क्रियांकडे प्रयोगशाळेतल्या उपकरणांनी बघण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक मानला जातो.

उड्डियान म्हणजे काय, तर श्वास पूर्ण बाहेर सोडायचा आणि आत न घेता छाती फुलवायची. मग पडदा वर जातो आणि पोट खपाटीला जातं. नौलीत त्याच्याही पुढे जाऊन पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे पुढे काढतात आणि फिरवतात. बघणाऱ्याला जादूच वाटते.

योग्यांची आणखी एक जुनी क्रिया आहे, बस्ती. यात पाण्यात बसून नौली केली की पाणी गुदमार्गाने आपोआप आतड्यात वर चढतं. आता पाणी वर कसं चढतं? परंपरेत याची उत्तरं वायूच्या भाषेत दिलेली होती. जगन्नाथरावांनी नळी आणि दाबमापक लावून मोजलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असं त्यांना आढळलं. स्ट्रॉने सरबत ओढताना जे होतं, तेच. आत दाब कमी, म्हणून बाहेरचं पाणी आत. कुठलीही सिद्धी नाही, चमत्कार नाही.

या निर्वात अवस्थेला त्यांनी नाव दिलं ते आपल्या गुरूचं, माधवदास. माधवदासजी १९२१ मध्येच गेले होते. पण शिष्याने गुरूचं नाव कुठे कोरलं बघा. मंदिराच्या कमानीवर नव्हे, दाबमापकावर मिळालेल्या एका आकड्यावर. प्रश्न विचारल्याने श्रद्धा संपली नाही, उलट तिला बसायला पक्की जागा मिळाली.

लोणावळ्यातलं वेगळंच दुकान

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद झाले होते. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघालं. त्याची रचना मजेशीर होती. एका भागात प्रयोग आणि त्यांचे निकाल, दुसऱ्यात क्रियांची शास्त्रीय अंगाने माहिती आणि तिसरा भाग साध्या वाचकासाठी. डॉक्टरालाही वाचता यावं आणि पोट बिघडलेल्या कारकुनालाही. आज आपण ज्याला विज्ञानसंवाद म्हणतो आणि ज्याचा पेपर आम्हा मास कम्युनिकेशनवाल्यांना असतो, ते काम स्वामीजी तेव्हा करत होते. हे नियतकालिक आजही निघतं.

पैसा मात्र सतत कमी पडे. काही संस्थानिक आणि मुंबईचे धनिक मदतीला आले आणि त्यातून इमारती, प्रयोगशाळा, उपकरणं उभी राहिली. चमत्कार विकायला काढले असते तर कदाचित पैसा लवकर आला असता. पण तो रस्ता स्वामीजींनी घेतला नाही. उलट लोकांना आवडणाऱ्या समजुतींनाही त्यांनी धक्का दिला. प्राणायाम म्हणजे भरपूर ऑक्सिजन, असं तेव्हाही सर्रास सांगितलं जायचं. आजही सांगितलं जातं. स्वामीजींनी मांडलं की ऑक्सिजन ही दुय्यम गोष्ट आहे. प्राणायामाचं खरं मोल श्वासावर आणि त्यातून चेतासंस्थेवर येणाऱ्या ताब्यात आहे.

एकच माप सगळ्यांना नाही

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची ‘आसन’ आणि ‘प्राणायाम’ ही इंग्रजी पुस्तकं आली. ‘आसन’ हे पुस्तक आज उघडलं तरी आपल्या कामाचं वाटतं. कारण त्यात फक्त आसनांचे फोटो आणि कृती नाही. त्यात तीन वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. ज्याच्याकडे वेळ आणि ताकद आहे त्याच्यासाठी पूर्ण अभ्यासक्रम, ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याच्यासाठी छोटा आणि ज्याला इतकंही झेपणार नाही त्याच्यासाठी सोपा. म्हणजे अमुक एवढं जमत नसेल तर तुम्ही आळशी, अशी भाषाच नाही. तुमचं शरीर, तुमचा दिवस, तुमचं वय बघा आणि त्यातलं तुमचं निवडा.

आणखी एक गोष्ट. कुणी काय करू नये, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. कान वाहत असेल, डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या नाजूक असतील, हृदय कमजोर असेल, रक्तदाब जास्त असेल तर शीर्षासनासारख्या उलट्या आसनांच्या वाटेला जाऊ नका. भरपेट जेवल्यावर काही तास थांबा. आसनात किती वेळ राहायचं ते थोडं थोडं वाढवा. मध्ये खंड पडला तर पुन्हा होता तिथून नव्हे, कमी मापापासून सुरू करा. गुरुवारी बंद पडलेल्या आपल्या सगळ्या रुटीन्सना हा शेवटचा नियम किती लागू आहे, नाही का?

इथे आखाड्यातला जुना माणूसही डोकावतो. योग करणाऱ्याने जोर-बैठका मारूच नयेत, असं स्वामीजी म्हणाले नाहीत. दोन्ही करा, पण एकाला लागून दुसरं नको. मध्ये किमान वीस मिनिटं जाऊ द्या. आणि क्रम तुमच्या गरजेवर ठेवा. मनाची शांतता हवी असेल तर योग शेवटी, अंगात व्यायामाची रग हवी असेल तर व्यायाम शेवटी. जिम की योगा, अशी भांडणं आपण आज करतो. त्यांनी तो वाद वीस मिनिटांच्या अंतरात मिटवून टाकला होता.

गांधीजी, चौपाटी आणि परदेशी पाहुणे

१९२७ मध्ये गांधीजींची तब्येत बिघडली. रक्तदाब वाढला, दौरे थांबले आणि विश्रांतीसाठी त्यांना दक्षिणेत नंदी हिल्सला राहावं लागलं. त्या काळात कुवलयानंदांनी त्यांना आसनांबद्दल मार्गदर्शन केलं. दोघांत पत्रव्यवहार झाला. कुठलं आसन, किती वेळ, त्याचा रक्तदाबावर काय परिणाम, अशा तपशिलांची ती देवाणघेवाण होती. गांधीजी स्वतःच्या शरीरावर आयुष्यभर प्रयोग करणारे आणि स्वामीजी मोजल्याशिवाय न बोलणारे. जोडी जमणारच.

मोठ्या माणसांपुरतं हे काम ठेवायचं नव्हतं. १९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझला आरोग्यकेंद्र सुरू झालं आणि १९३६ मध्ये ते चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर आलं. ऑफिस, गिरणी, पेढी यांत दिवस घालवणाऱ्या मुंबईकराला अपचन, बद्धकोष्ठता, दमा, निद्रानाश अशा तक्रारींवर तिथे त्याच्या प्रकृतीप्रमाणे आसनं आणि आहार सांगितला जाई. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ही संस्था आजही चालू आहे. सेल्फी काढायला मरीन ड्राइव्हला गेलात तर जरा मागे वळून बघा.

बाहेरच्या जगालाही कुतूहल होतं. १९३० च्या दशकात येल विद्यापीठातले मानसशास्त्राचे अभ्यासक कोवूर बेहनन लोणावळ्याला आले, स्वामीजींकडे योग शिकले आणि परत जाऊन स्वतःवर प्रयोग केले. १९३७ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. प्राणायामाने मन शांत होतं हे त्यांनी लिहिलं. पण प्राणायाम केल्यावर लगेच बौद्धिक चाचण्या दिल्या तर कामगिरी मंदावते, हेही लिहिलं. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे शास्त्रज्ञ अमेरिकेहून यंत्रं घेऊन भारतात आले, तेव्हा त्यांनी लोणावळ्यातही काम केलं. हृदय थांबवतो असा दावा करणाऱ्या योग्यांना त्यांनी यंत्र लावलं. नाडी हाताला लागेनाशी व्हायची, पण यंत्रावर हृदय व्यवस्थित धडधडत असल्याचं दिसलं. योगाची कीर्ती वाढवायची असती तर अशा पाहुण्यांना दार उघडायचं कारणच नव्हतं. कैवल्यधामाचं दार उघडंच राहिलं.

प्रयोगांना मर्यादा होत्या, हेही सांगायला हवं. सुरुवातीच्या अभ्यासांत माणसं मोजकी होती, उपकरणं साधी होती आणि करणारे बहुतेक योगाचे पक्के साधक होते. आजच्या वैद्यकीय संशोधनाच्या कसोट्या त्यांना लावल्या तर बरेचसे निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतील. पण पुन्हा तपासता येईल अशा भाषेत ते लिहिलेले आहेत, हेच त्यांचं यश. मला तसा अनुभव आला, एवढ्यावर सोडलं असतं तर तपासायला काही उरलंच नसतं.

शेवटचा टप्पा

स्वातंत्र्यानंतर लोणावळ्यात योग शिकवणारं महाविद्यालय सुरू झालं. गोवर्धनदास सेक्सरिया यांचं नाव त्याला आहे. अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र अशा रीतसर पद्धतीने योगशिक्षक घडवणारं हे आपल्याकडचं अगदी सुरुवातीचं कॉलेज. शाळांमधल्या शारीरिक शिक्षणाच्या सरकारी समित्यांवरही स्वामीजींनी काम केलं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत योगाने उपचार करणारं रुग्णालयही उभं राहिलं. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद गेले. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.

आज वेलनेस हा मोठा धंदा आहे. त्यात योग आहे, श्वास आहे, आहार आहे, ध्यान आहे. म्हणजे स्वामीजींच्या काळातलं सगळंच आहे. फक्त ते ज्या गोष्टीसाठी झटले, ती शोधावी लागते. समोरचा कितीही मोठा असो, त्याला नम्रपणे विचारायचं की हे कशावरून? आणि मग तोच प्रश्न स्वतःच्या शरीरालाही विचारायचा. पहिला प्रश्न विचारायला धीर लागतो, दुसऱ्याला चिकाटी. दोन्ही असतील तर रुटीन कुणाचं उसनं घ्यावं लागत नाही.

चौकट : आपलं रुटीन बांधताना

• सगळ्यात सोप्यापासून सुरुवात करा. पूर्ण, छोटा, सोपा असे तीन पर्याय स्वतःसाठी तयार ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात सोपा पर्याय करणं म्हणजे हरणं नव्हे.

• एका वेळी एकच बदल करा. झोप, आहार, व्यायाम सगळं एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळणारच नाही.

• वहीत लिहा. किती वेळ केलं, झोप कशी लागली, पोट कसं आहे, मूड कसा आहे. चार ओळी पुरतात.

• खंड पडला तर कमी मापाने पुन्हा सुरू करा.

• कुठलाही आजार, दुखापत किंवा औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. उलटी आसनं, श्वास रोखण्याचे प्रकार आणि शुद्धिक्रिया जाणत्या शिक्षकासमोरच शिका, व्हिडिओ बघून नको.